पडत्या व्होल्टेजचा सूर : व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमधल्या 'सॅग'चा आढावा

गिटारच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पविषयी बोलणाऱ्यांच्या तोंडी 'सॅग' हा शब्द हटकून येतो. जुना अ‍ॅम्प नव्यापेक्षा मऊ वाजला, की श्रेय सॅगला. सूर लांबला, तो सॅगमुळे. पिकचा घाव अंगावर न येता थोडा दबून आला, तर तोही सॅगच. हा सॅग येतो कुठून, याचंही उत्तर तयार असतं : रेक्टिफायर व्हॉल्व्हमधून. मग कुणी सिलिकॉन डायोड काढून तिथे व्हॉल्व्ह लावतो, कुणी एका जातीचा व्हॉल्व्ह काढून दुसऱ्या जातीचा बसवतो. पैसे खर्च होतात आणि फरक पडला की नाही, यावर वाद चालू राहतो.

सॅग ही काही भाबडी समजूत नाही. मीटर लावून मोजता येईल अशी ती गोष्ट आहे आणि वाजवणाऱ्याच्या बोटांना ती जाणवतेही. पण तिच्या नावावर जमा झालेलं बरंचसं श्रेय दुसऱ्यांचं आहे. रेक्टिफायर व्हॉल्व्ह या गोष्टीतला एक भागीदार आहे, मालक नव्हे.

मागणी वाढली की व्होल्टेज पडतं

गावाकडे संध्याकाळी कुणाची पाण्याची मोटर सुरू झाली, की घरातला बल्ब क्षणभर मंदावतो. मोटरने एकदम जास्त करंट ओढला, तारांच्या रोधात काही व्होल्ट खर्ची पडले आणि बल्बच्या वाट्याला कमी आले. अ‍ॅम्पच्या पोटातही नेमकं हेच घडतं.

व्हॉल्व्ह अ‍ॅम्पला काम करायला ३०० ते ५०० व्होल्टचा डीसी पुरवठा लागतो. तंत्रज्ञ त्याला 'बी प्लस' म्हणतात. पॉवर ट्रान्सफॉर्मर घरातल्या विजेचं व्होल्टेज वाढवतो, रेक्टिफायर त्याचा डीसी करतो आणि फिल्टर कपॅसिटर तो डीसी साठवून त्यातले चढउतार कमी करतात. या वाटेवर प्रत्येक ठिकाणी रोध आहे. ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही गुंडाळ्यांना तो आहे, रेक्टिफायरला आहे आणि फिल्टरमध्ये चोक ही आणखी एक गुंडाळी असेल तर तिलाही आहे. करंट वाढला की या सगळ्या रोधांत मिळून जास्त व्होल्ट खर्च होतात आणि बी प्लस खाली येतो. वाजवणं थांबलं की तो परत वर चढतो. या खालीवर होण्याला सॅग म्हणायचं.

सॅगसाठी पुरवठा अशक्त असणं पुरेसं नाही. करंटची मागणीही कमीजास्त व्हायला हवी. स्थिर मागणीत व्होल्टेज कमी असू शकेल, पण ते हलणार नाही. मागणी किती हलते, हे आउटपुट व्हॉल्व्ह कोणत्या पद्धतीने चालवलेत यावर ठरतं. 'क्लास ए' पद्धतीत व्हॉल्व्ह शांत असतानाही जवळजवळ तेवढाच करंट ओढतात, जेवढा जोरात वाजवताना. 'क्लास एबी' पद्धतीत शांत असताना करंट कमी असतो आणि आवाज वाढला की तो दुप्पट-तिपटीपर्यंत जातो. म्हणून खरा सॅग ही मुख्यतः क्लास एबीच्या पुशपुल (दोन बाजूंचे व्हॉल्व्ह आळीपाळीने काम करणाऱ्या) अ‍ॅम्पची चीज आहे.

फेंडरचा छोटा चॅम्प याचा चांगला दाखला. त्यात ५वाय३ हा रेक्टिफायर आहे, सॅगप्रेमींच्या यादीत पहिल्या नंबरवर असलेला. पण चॅम्पमध्ये आउटपुटला एकच ६व्ही६ व्हॉल्व्ह क्लास एमध्ये चालतो. त्याचा सरासरी करंट फारसा बदलत नाही, त्यामुळे बी प्लसही फार हलत नाही. चॅम्प मऊ वाजतो यात शंका नाही; पण तो मऊपणा व्हॉल्व्हच्या क्लिपिंगचा आणि लहानग्या स्पीकरचा आहे.

एका कॉर्डचा प्रवास

आता १९५५ ते १९६० या काळातला फेंडरचा ट्वीड डिलक्स समोर घेऊ. त्याच्या सर्किटचा क्रमांक ५ई३. दोन ६व्ही६, एक ५वाय३ आणि १६ मायक्रोफॅरॅडचे तीन फिल्टर कपॅसिटर. नील यंगच्या इलेक्ट्रिक गिटारचा फाटका, धपापता आवाज याच जातीच्या अ‍ॅम्पमधून येतो. व्हॉल्यूम चढवलेला आहे आणि वाजवणाऱ्याने मोकळ्या तारांची ई कॉर्ड जोरात मारली. पुढच्या अर्ध्या सेकंदात काय होतं?

पिकचा घाव बसला त्या क्षणी बी प्लस पूर्ण भरलेला आहे. पहिला धक्का कपॅसिटरमधल्या साठ्यावर निघतो, म्हणून सुरुवातीचा फटका पुऱ्या ताकदीने स्पीकरपर्यंत जातो. साठा मात्र फार नाही. १६ मायक्रोफॅरॅडच्या कपॅसिटरमध्ये ३८० व्होल्टला जेमतेम सव्वा ज्यूलच्या आत ऊर्जा मावते. मेन्सची वीज त्याला सेकंदाला १०० वेळा पुन्हा भरते (अमेरिकेत १२० वेळा). पण आता प्रत्येक भरणीत जास्त माल हवा आहे आणि वाटेत रोध आहे, त्यामुळे काही भरण्यांत व्होल्टेज खालच्या पातळीवर जाऊन टेकतं. हे सगळं सेकंदाच्या छोट्याशा भागात आटोपतं.

त्यानंतर स्क्रीन ग्रिडची, म्हणजे व्हॉल्व्हच्या आतल्या, प्लेटजवळच्या जाळीची पाळी. ६व्ही६सारख्या व्हॉल्व्हमधून किती करंट जाईल, हे प्लेटच्या व्होल्टेजपेक्षा स्क्रीनच्या व्होल्टेजवर जास्त अवलंबून असतं. ५ई३मध्ये चोक नाही. स्क्रीनना पुरवठा ५,००० ओहमच्या रेझिस्टरमधून होतो आणि पुढे १६ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर आहे. दोन्हींचा गुणाकार केला की ०.०८ सेकंद हा कालांक मिळतो. म्हणजे स्क्रीनचं व्होल्टेज पहिल्या घसरणीच्या मागून, सावकाश खाली येतं. शिवाय जोरात वाजवताना स्क्रीन स्वतःही जास्त करंट ओढतात, त्यामुळे त्या रेझिस्टरमध्ये आणखी व्होल्ट पडतात. रेक्टिफायरवरच्या चर्चेत हा रेझिस्टर सहसा कुणाला आठवत नाही. ५ई३च्या स्वभावात त्याचा वाटा मात्र मोठा आहे.

सगळ्यात मागे प्रीअ‍ॅम्प. त्याच्या वाटेवर २२,००० ओहम आणि आणखी १६ मायक्रोफॅरॅड, म्हणजे कालांक सुमारे ०.३५ सेकंद. आउटपुटला बसलेला हिसका प्रीअ‍ॅम्पपर्यंत पोहोचेस्तोवर कॉर्डचा पहिला भर ओसरलेला असतो.

आणि मग परतीचा प्रवास. तारांचं कंपन कमी होत जातं, मागणी घटते, व्होल्टेज हळूहळू वर येतं. तारेतला आवाज उतरत असताना अ‍ॅम्पची ताकद चढत असते. दोन्ही मिळून सूर ओसरण्याऐवजी मधे थोडा फुलल्यासारखा वाटतो. इंग्रजी बोलणारे गिटारवादक याला 'ब्लूम' म्हणतात. सॅगची खरी ओळख इथे आहे. तो स्वराचा रंग फारसा बदलत नाही. सुराची सुरुवात, मधला भाग आणि शेवट यांच्यातलं जोराचं नातं बदलतो.

आकडे काय सांगतात

सॅगविषयीच्या गप्पांमध्ये एक हिशेब क्वचितच केला जातो. ५० वॉटचा क्लास एबी अ‍ॅम्प घेऊ. बी प्लस ४५० व्होल्ट, शांत असताना एकूण करंट ८० मिलिअँपिअर, पूर्ण जोरात २२०. म्हणजे मागणी १४० मिलिअँपिअरने वाढते. प्रमाण कळावं म्हणून पुरवठ्याचे ढोबळ रोध धरू : सिलिकॉन डायोड असताना १५० ओहम, जीझेड३४ असताना २५० आणि ५यू४ असताना ३५०. मग व्होल्टेज अनुक्रमे २१, ३५ आणि ४९ व्होल्टने पडेल. टक्क्यांत सांगायचं तर साधारण ५, ८ आणि ११.

आउटपुटची कमाल ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. या हिशेबाने तिन्ही प्रसंगी आवाजाची कमाल पातळी ०.४, ०.७ आणि १ डेसिबलने खाली येते. अगदी २० टक्के व्होल्टेज पडलं तरी दोन डेसिबलही पुरते जात नाहीत. सिलिकॉन आणि ५यू४ यांच्यातला फरक उरला अर्ध्या-पाऊण डेसिबलचा. स्टुडिओतला कॉम्प्रेसर सहज सहा-आठ डेसिबल दाबतो. त्यापुढे सॅगचं कॉम्प्रेशन अगदी किरकोळ आहे.

म्हणून सॅग खोटा ठरतो का? नाही. या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, सॅग ऐकणाऱ्यापेक्षा वाजवणाऱ्याला जास्त कळतो. पिक आणि स्पीकर यांच्या मधल्या काही मिलिसेकंदांतला बदल बोटं पकडतात, श्रोत्याच्या कानावरून तो निसटू शकतो. दुसरी अशी की, 'या अ‍ॅम्पमध्ये प्रचंड कॉम्प्रेशन आहे' असं जेव्हा सगळ्यांनाच स्पष्ट ऐकू येतं, तेव्हा त्यामागे व्होल्टेज पडण्याखेरीज आणखी काहीतरी असणार.

रेक्टिफायरचा वाटा

आता रेक्टिफायरचा हिशेब. ५वाय३मध्ये १२५ मिलिअँपिअरला सुमारे ५० ते ६० व्होल्ट खर्ची पडतात. ५यू४मध्ये २२५ मिलिअँपिअरला ४४ व्होल्ट, तर जीझेड३४मध्ये तेवढ्याच करंटला अवघे १७. सिलिकॉन डायोडमध्ये एक व्होल्टच्या आसपास. या आकड्यांवरून ५वाय३ लवचिक आणि सिलिकॉन ताठ, हा लौकिक बरोबरच आहे. पण जीझेड३४ व्हॉल्व्ह असला तरी सिलिकॉनला बराच जवळचा आहे. 'व्हॉल्व्ह रेक्टिफायर आहे म्हणजे सॅग आहे' हे समीकरण इथेच लंगडं पडतं.

आणखी एक गफलत नेहमी होते. ५वाय३ काढून जीझेड३४ लावला, की अ‍ॅम्प शांत असतानाचंच व्होल्टेज तीस-चाळीस व्होल्टने वाढू शकतं. त्याबरोबर आउटपुट व्हॉल्व्हचा बायस (शांत असतानाचा करंट ठरवणारी जुळणी) सरकतो, स्वच्छ आवाजाची मर्यादा वाढते, वरचे स्वर कडक वाटतात. वाजवणारा म्हणतो, 'सॅग गेला.' प्रत्यक्षात मुख्य बदल स्थिर व्होल्टेजमधला असतो. सॅग त्यात थोडासाच. दोन गोष्टी एकाच फटक्यात बदलल्या आणि श्रेय एकीलाच मिळालं.

रेक्टिफायर व्हॉल्व्हची एक अप्रत्यक्ष करामतही आहे. असा व्हॉल्व्ह फार मोठा कपॅसिटर पेलू शकत नाही. चालू करताना आणि प्रत्येक भरणीला जो करंटचा लोंढा येतो, त्याने तो खराब होतो. म्हणून जीझेड३४साठी ६० मायक्रोफॅरॅडची मर्यादा दिलेली असते आणि बाकीच्यांना त्याहूनही कमी. त्यामुळे व्हॉल्व्ह रेक्टिफायरच्या जुन्या अ‍ॅम्पमध्ये साठाही लहानच असायचा. सिलिकॉन आल्यावर मोठे कपॅसिटर लावायला हरकत राहिली नाही आणि बनवणाऱ्यांनी ते लावले. दोन पिढ्यांच्या अ‍ॅम्पमध्ये जाणवणारा फरक रेक्टिफायरच्या रोधाइतकाच या साठ्याचाही आहे.

ज्यांनी सॅग दिला, ते त्याच्याशी भांडत होते

लिओ फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. १९३८ साली त्याने कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. रेडिओच्या जगात पुरवठ्याचं व्होल्टेज हलणं हा दोष होता. व्हॉल्व्ह रेक्टिफायर लावला जायचा, कारण एवढ्या व्होल्टेजला परवडणारा दुसरा सोपा मार्ग तेव्हा नव्हता. सॅग मिळावा म्हणून कुणी तो लावलेला नाही.

पन्नासच्या दशकातल्या फेंडर बासमनच्या आवृत्त्या ओळीने पाहिल्या, तर हे भांडण स्पष्ट दिसतं. आधी जोडीने ५यू४ लावून रोध कमी केला. मग ८३ या क्रमांकाचा, पाऱ्याच्या वाफेवर चालणारा रेक्टिफायर आणला. त्याची खासियत अशी की, करंट कितीही बदलला तरी त्यात साधारण १५ व्होल्टच खर्च होतात. शेवटी १९५८च्या सुमाराच्या ५एफ६-ए आवृत्तीत जीझेड३४ आला आणि स्थिरावला. प्रत्येक पाऊल ताठ पुरवठ्याच्या दिशेने. १९६३च्या ट्विन रिव्हर्बमध्ये तर थेट सिलिकॉन डायोड, चार ६एल६ आणि ८५ वॉट. स्वच्छ, मोठा, न डगमगणारा आवाज हेच ध्येय होतं.

लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शलच्या दुकानात केन ब्रान आणि डडली क्रेव्हन यांनी १९६२-६३च्या सुमारास जो जेटीएम४५ घडवला, तो याच ५एफ६-एवर बेतलेला होता. म्हणून त्यातही जीझेड३४. १९६६ साली एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्सबरोबर केलेल्या अल्बमवर याच घराण्यातला दोन स्पीकरवाला मार्शल कॉम्बो पूर्ण आवाजात वाजतो. पण द हूच्या पीट टाउन्शेंडसारख्यांना आणखी मोठा आवाज हवा होता. शंभर वॉटचे मार्शल आले, त्यांत सिलिकॉन डायोड आले आणि लवकरच ५० वॉटच्या मार्शलमधूनही व्हॉल्व्ह रेक्टिफायर गेला. हेंड्रिक्सच्या मागे उभे असायचे ते शंभर वॉटवाले. त्या अ‍ॅम्पना कुणी बेजान म्हणत नाही. पूर्ण आवाजात ट्रान्सफॉर्मरच्या रोधामुळे त्यांचंही व्होल्टेज पडतंच, फक्त प्रमाणाने कमी.

थोडक्यात, साठचं दशक संपेपर्यंत उद्योगाने सॅग बराचसा हटवला होता. नंतर जुन्या रेकॉर्डचा आवाज शोधणाऱ्या पिढीने त्याला गुण म्हणून परत बोलावलं.

सॅगच्या नावावर खपणारे इतर

व्हॉक्स एसी३०विषयी दोन गोष्टी हटकून सांगितल्या जातात : तो क्लास ए आहे आणि त्यात भरपूर सॅग आहे. दोन्ही पूर्णपणे खऱ्या असू शकत नाहीत, कारण क्लास एमध्ये सॅगला वावच कमी. वस्तुस्थिती अशी की, जोरात वाजवताना एसी३० क्लास एबीमध्ये जातो. त्याचा रेक्टिफायर जीझेड३४, म्हणजे ताठच. मग ब्रायन मेच्या गिटारमागे ऐकू येणारी ती दाबलेली, चकाकती लवचिकता कुठून येते? बरीचशी कॅथोड बायसमधून. चारही ईएल८४ व्हॉल्व्हचा करंट एका सामायिक रेझिस्टरमधून जातो. जोरात वाजवलं की तिथलं व्होल्टेज वाढतं आणि व्हॉल्व्ह स्वतःलाच थोडा लगाम घालतात. आवाज कमी झाला की लगाम सुटतो. वागणूक सॅगसारखी, पण उगम वेगळा. शिवाय एसी३०च्या आउटपुटला निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा अंश उलटा करून मागे देण्याची सोय) नाही. फीडबॅक असता तर त्याने अशा चढउतारांना बऱ्यापैकी आवर घातला असता. ट्वीड डिलक्समध्येही कॅथोड बायस आहे आणि फीडबॅक नाही. त्याचा स्वभाव केवळ ५वाय३च्या खात्यावर मांडता येत नाही, तो यामुळेच.

दुसरा भागीदार म्हणजे ब्लॉकिंग. आउटपुट व्हॉल्व्हला सिग्नल मर्यादेबाहेर दिला, की ग्रिडमधून करंट वाहू लागतो आणि मागचा कपलिंग कपॅसिटर भलत्याच दिशेने चार्ज होतो. तो उतरेपर्यंत व्हॉल्व्ह अर्धवट बंद राहतो. ०.१ मायक्रोफॅरॅड आणि २२०,००० ओहम असतील, तर हा काळ वीसेक मिलिसेकंदांचा, म्हणजे नेमका सॅगच्याच टप्प्यातला. प्रमाणात असेल तर घावानंतरचा हलका दबाव, जास्त झाला तर गुदमरलेला, पादल्यासारखा आवाज.

तिसरं साधं क्लिपिंग. लाटेचे शेंडे कापले गेले, की जोरातला आणि हलका घाव यांच्यातलं अंतर आपोआप कमी होतं. यासाठी व्होल्टेज हलायची गरजच नाही. आणि चौथा स्पीकर. त्याची कॉइल तापली की तिचा रोध वाढतो, कोन मर्यादेपर्यंत ताणला की पुढे जात नाही. तोही कॉम्प्रेशनच करतो.

एडी व्हॅन हेलनचा किस्सा इथेच निकालात काढलेला बरा. सत्तरच्या दशकात त्याने आपल्या मार्शलचा मेन्सचा पुरवठा व्हेरिअ‍ॅक लावून सुमारे ९० व्होल्टपर्यंत उतरवला. आपल्याकडे बाजारात व्हेरिअ‍ॅकला डिमरस्टॅट म्हणतात. अनेक जण या प्रयोगाला सॅग समजतात. पण डिमरस्टॅटने व्होल्टेज कायमचं खाली आणून ठेवलं जातं, सुरागणिक ते हलत नाही. अ‍ॅम्प लवकर क्लिप होऊ लागतो, हा त्याचा मुख्य परिणाम. त्याबरोबर व्हॉल्व्हचे हीटरही उतरतात : १२० व्होल्टचे ९० केले की ६.३ व्होल्टच्या हीटरला ४.७ मिळतात. नुसता सॅग हवा म्हणून हा मार्ग धरणं म्हणजे भलत्याच दारावर थाप.

कुणाला हवा, कुणाला नको

ब्लूज आणि जुन्या वळणाचं रॉक वाजवणाऱ्याला सॅग आवडतो, कारण त्याचं वाजवणं एकेका लांब सुरावर उभं असतं. हलक्या हाताने वाजवलं की स्वच्छ, जोर लावला की अ‍ॅम्प मागे रेलतो. हात आणि अ‍ॅम्प यांच्यातलं हे देणंघेणं त्याला हवं असतं.

पेडल स्टील वाजवणाऱ्याला नेमकं उलट हवं. त्याचे सूर लांब असतात खरे, पण स्वच्छ लागतात, म्हणून त्याची पसंती ट्विन रिव्हर्बसारख्या ताठ अ‍ॅम्पला. बास गिटारला तर खालच्या सुरांसाठी एकदम मोठी ऊर्जा लागते. तिथे व्होल्टेज पडलं की सूर पोकळ होतो. १९६९चा अँपेगचा ३०० वॉटचा एसव्हीटी सिलिकॉन डायोडवर चालतो, यात नवल नाही. मेटल वाजवणारा तार हाताने दाबून झपाझप घाव घालतो. दोन घावांत पुरवठा सावरला नाही तर सगळा चिखल होतो.

हा झगडा एकाच डब्यात बसवण्याचा प्रयत्न मेसा बूगीने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ड्युअल रेक्टिफायरमध्ये केला. त्याच्या नावातच रेक्टिफायर आहे. एका बटणावर सिलिकॉन डायोड किंवा दोन ५यू४ व्हॉल्व्ह निवडता येतात. 'बोल्ड' आणि 'स्पंजी' असं दुसरं बटण सगळ्याच व्होल्टेजला थोडं खाली आणतं. गंमत अशी की, हा अ‍ॅम्प गाजला तो मेटलमध्ये, जिथे सॅग फारसा कुणाला नको असतो.

जास्त सॅगची किंमतही मोजावी लागते. साठा लहान आणि मागणी मोठी असली, की बी प्लसमध्ये मेन्सची खरखर उरते आणि ती सुरात मिसळते. ४४० हर्ट्झचा सूर वाजवला तर अमेरिकेच्या ६० हर्ट्झच्या विजेवर ३२० आणि ५६० हर्ट्झचे अनाहूत सूर त्याच्या मागे उमटू शकतात. आपल्या ५० हर्ट्झवर तेच ३४० आणि ५४० होतात. त्यांचं मूळ सुराशी काही नातं नसतं. वरच्या पट्टीत तार खेचली आणि मागे कुणीतरी उलट दिशेने बेसूर गातंय असं वाटलं, तर कपॅसिटर तपासून घ्यावेत. बऱ्याचदा ते जुने होऊन सुकलेले असतात.

करून पाहायचं असेल तर

पहिला प्रश्न, अ‍ॅम्प किती जोरात वाजतोय? आउटपुट व्हॉल्व्ह करंट ओढत नसतील तर सॅग होणारच नाही. मास्टर व्हॉल्यूम खाली ठेवून खोलीत प्रीअ‍ॅम्पचा डिस्टॉर्शन वाजवणाऱ्याने रेक्टिफायर बदलून काही साधत नाही. अ‍ॅम्प आणि स्पीकर यांच्या मध्ये अ‍ॅटेन्युएटर लावला तर गोष्ट वेगळी. तिथे अ‍ॅम्प पूर्ण जोरात चालतो आणि ताकद नंतर जिरवली जाते, त्यामुळे सॅग टिकतो.

दुसरा प्रश्न रेक्टिफायरच्या अदलाबदलीचा. सॉकेट सारखं असलं म्हणून कोणताही व्हॉल्व्ह कुठेही चालत नाही. ५वाय३च्या हीटरला दोन अँपिअर लागतात, ५यू४ला तीन. ट्रान्सफॉर्मरची पाच व्होल्टची गुंडाळी तेवढं देऊ शकते का, हे आधी पाहावं लागतं. व्होल्टेज वाढणार असेल तर कपॅसिटरची मर्यादा आणि बायस दोन्ही तपासायचे.

सिलिकॉनच्या अ‍ॅम्पला सॅग हवा असेल, तर डायोडनंतर १०० ते २०० ओहमचा मोठ्या वॉटेजचा रेझिस्टर लावणं हा स्वस्त आणि प्रामाणिक उपाय. रोधाला रोधानेच उत्तर. १०० ओहममध्ये १४० मिलिअँपिअर वाढले की १४ व्होल्ट पडतात, हे कागदावर आधीच कळतं. हे काम मात्र जाणकाराकडूनच करून घ्यावं. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट राहू शकतात, आणि ते जीवघेणे असतात.

पुण्या-मुंबईत अमेरिकेहून आणलेला ११७ किंवा १२० व्होल्टचा अ‍ॅम्प वापरणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो आणि त्याचा रोधही पुरवठ्याच्या रोधात मिळतो. तो जेमतेम क्षमतेचा असेल, तर अ‍ॅम्पने न मागितलेला सॅग पदरात पडतो. शिवाय ६० हर्ट्झसाठी बेतलेला पॉवर ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापतो. इथे काटकसर करू नये.

नकलेतून मिळालेला पुरावा

पुढे सॅग सॉफ्टवेअरमध्येही शिरला. लाइन ६च्या हेलिक्समध्ये सॅग, रिपल आणि हम यांच्या वेगवेगळ्या कळा आहेत. केम्परच्या यंत्रात 'पॉवर सॅगिंग' आहे. खऱ्या अ‍ॅम्पच्या भक्तांना हे पटो न पटो, या कळांनी एक काम सोपं केलं. खऱ्या अ‍ॅम्पमध्ये रेक्टिफायर बदलला की स्थिर व्होल्टेज, बायस आणि सॅग तिन्ही एकदम हलतात, म्हणून कोणाचा वाटा किती हे ठरवणं कठीण. इथे बाकी सगळं जागेवर ठेवून एकच कळ फिरवता येते. ती फिरवून पाहणाऱ्याला कळतं की, मधल्या टप्प्यात बदल सूक्ष्म आहे, टोकाला नेलं की सूर लंगडतो, आणि स्वराचा पोत ठरवणाऱ्या कळा भलत्याच आहेत.

तेव्हा निवाडा असा. सॅग हवा असणाऱ्याने आधी अ‍ॅम्प क्लास एबीचा आहे का ते पाहावं, मग तो जोरात वाजवायची सोय आहे का ते. त्यानंतर बायस कॅथोडचा आहे की फिक्स्ड, फीडबॅक आहे की नाही, स्क्रीनच्या वाटेवर काय आहे आणि कपॅसिटर किती मोठे आहेत, या क्रमाने जावं. रेक्टिफायर या यादीत शेवटून पहिला. आणि अगदी कमी आवाजातही एखादा अ‍ॅम्प मऊ, दबलेला वाजत असेल, तर त्याची खुशाल तारीफ करावी. फक्त तिचं कारण सॅग नव्हे.